तापल्यावरच अडणारा गिअरबॉक्स : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षांपूर्वी घेतलेली, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पेट्रोल मोटार आहे. मी कासारवडवलीला राहतो आणि नोकरीसाठी रोज महापे येथे जातो. सकाळी जाताना गाडीची काहीही तक्रार नसते. संध्याकाळी मात्र विटावा, कळवा पूल आणि माजिवडा असा तासाभराचा रखडत केलेला प्रवास झाला, की मानपाड्याच्या आसपास जोराचा झटका बसतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढे गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. कडेला अर्धा तास बंद करून ठेवली, की सारे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेल्यावर दोष दिसत नाही. आता मला गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे टीसीयू, बदलून घेण्याचा सल्ला मिळाला आहे आणि त्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फार आहे. उष्णतेने हाच भाग खराब झाला आहे हे खात्रीने कसे ठरवावे? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोषाचा तापमानाशी संबंध असावा असे मानायला जागा आहे, परंतु तो कंट्रोलरमध्येच आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. टीसीयू हा खर्चिक भाग आहे आणि तो बदलण्याचा निर्णय थंड गाडीवर, सकाळच्या वेळी, अंदाजाने घेतला जाणे मला मान्य नाही. ज्या अवस्थेत गाडी बिघडते त्याच अवस्थेत मापे घेतली गेली पाहिजेत. खाली जे सांगत आहे त्याचा सारा भर यावरच आहे.

सर्वप्रथम त्या ‘अर्ध्या तासा’कडे बारकाईने पाहावे लागेल. गाडी अर्धा तास बंद राहते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात : भाग थोडेफार निवतात आणि इग्निशन बंद होऊन पुन्हा चालू होते. बहुतेक कंट्रोलर एखादा गंभीर दोष नोंदवल्यावर गिअरबॉक्सला संरक्षक अवस्थेत, म्हणजे लिंप मोडमध्ये टाकतात, आणि मूळ दोष क्षणभराचा असला तरी इग्निशन बंद होईपर्यंत त्या अवस्थेतून बाहेर येत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी गाडी अडकली, की सुरक्षित जागी थांबवून ती केवळ मिनिटभर बंद करावी आणि पुन्हा सुरू करून पाहावी. गाडी तितक्यात, गरम असतानाच, नीट चालू लागली, तर तिला बरे करण्यात गारव्याचा वाटा नव्हता असे समजावे. तेथे एखादा क्षणिक संपर्कदोष किंवा क्षणभर घसरलेला व्होल्टेज अधिक संभवतो. उलट वारंवार बंद-चालू करूनही दोष लगेच परत येत असेल आणि खरोखर निवल्यावरच जात असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. या चाचणीला एक पैसाही लागत नाही, तरीही ती फार थोड्या ठिकाणी केली जाते. एवढे मात्र लक्षात असू द्यावे की इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरत नाही, उलट चढते, कारण वाऱ्याचा झोत थांबतो, शीतकाचे पाणी फिरणे बंद होते आणि इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत पसरते. म्हणून कंट्रोलर बॉनेटखाली बसवलेला असेल, तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलेल्या गाडीत दोष अधिक जोराने दिसणे हीसुद्धा उपयोगी खूण असते.

दुसरा प्रश्न तेलाचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल चालू स्थितीत साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे अशी रचना असते. रखडत्या वाहतुकीत टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण अधिक होते, त्या घसरणीची उष्णता तेलात जाते आणि ती बाहेर टाकणारा कूलर चोंदलेला असेल किंवा रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत नसेल, तर तेल खरोखरच मर्यादेबाहेर तापते. अशा वेळी कंट्रोलर गाडीला संरक्षक अवस्थेत नेतो तेव्हा तो आपले नेमून दिलेले कामच करीत असतो आणि तो बदलून काहीही साधत नाही. यासाठी स्कॅनरवर, म्हणजे कंट्रोलरमधील मापे व दोषांचे क्रमांक (कोड) वाचणाऱ्या उपकरणावर, तेलाचे तापमान पाहावे. पी ०२१८ हा कोड तेलाचे अतितापमान दर्शवतो, तर पी ०७११ हा कोड तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्याच वागण्याबद्दल शंका नोंदवतो. या दोहोंत गफलत होऊ देऊ नये. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, तेलाचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. ते तसे दिसत नसेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासावी. तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच मोजावी आणि तेल काळपट झाले असेल किंवा त्याला जळका वास येत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

येथे स्कॅनरविषयी सांगणे भाग आहे. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनच्या कंट्रोलरशीच बोलतात आणि पी ०७०० दाखवून थांबतात. त्या कोडचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी नोंदवले आहे’ एवढाच असतो. ते ‘काहीतरी’ काय आहे हे वाचण्यासाठी टीसीयूपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो, म्हणून गॅरेजमध्ये आधीच विचारून घ्यावे. तोपर्यंत कोणालाही कोड पुसू देऊ नये आणि ‘रीसेट करून बघू’ म्हणून बॅटरीची वायर काढू देऊ नये, कारण दोष नोंदला गेला त्या क्षणीची मापेही पुष्कळदा कोडबरोबर साठवलेली असतात आणि आपल्यासारख्या प्रकरणात तोच सर्वांत मौल्यवान पुरावा असतो.

यानंतर गाडी संध्याकाळच्याच वेळी, त्याच मार्गावर, स्कॅनर जोडून चालवावी. पडद्याकडे शेजारी बसलेल्या जाणकाराने पाहावे, चालकाने नव्हे. नोंदवायच्या गोष्टी अशा : तेलाचे तापमान, कंट्रोलरला मिळणारा व्होल्टेज, इंजिनचे फेरे, गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दांड्यांचे फेरे, आणि कंट्रोलरने मागितलेला गिअर. झटका बसतो त्या क्षणी यांपैकी काय बदलले यावरून दोष कोठे शोधायचा ते बऱ्याच अंशी ठरते. गाडी धावत असताना एखाद्या दांडीचे फेरे एकदम शून्यावर येऊन पुन्हा उसळले, तर ते यांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. तेथे वेगाचा सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर तुटक संपर्क देत आहे असे मानावे. पी ०७१५ आणि पी ०७२० हे कोड अनुक्रमे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दांडीच्या सेन्सर-सर्किटचे आहेत. इंजिनचे फेरे हळूहळू वाढत जाऊन गिअरचे गुणोत्तर सुटत गेले, तर ती क्लचची किंवा तेलाच्या दाबाची घसरण आहे आणि तिचा इलाज गिअरबॉक्सच्या आत आहे. आणि सगळी मापे एकदम गायब होऊन इंजिनच्या कंट्रोलरने यू ०१०१, म्हणजे टीसीयूशी संपर्क तुटल्याची नोंद केली, तरच कंट्रोलरकडे, आणि त्याला वीज व अर्थिंग पुरवणाऱ्या वायरींकडे, बोट दाखवता येते. या शेवटच्या शक्यतेतही वायरींचा क्रम कंट्रोलरच्या आधी लागतो.

वायरींच्या बाबतीत ओहममध्ये केलेले मापन पुष्कळदा फसवते. बारा तारांपैकी अकरा तुटलेल्या वायरचाही रोध मल्टीमीटरवर जवळजवळ शून्यच दिसतो, पण प्रवाह वाढताच ती तापते आणि तिच्यात व्होल्टेज गळतो. म्हणून इंजिन चालू, दिवे, एसी आणि पंखे चालू, गाडी गरम, अशा अवस्थेत बॅटरीच्या ऋण टोकापासून कंट्रोलरच्या अर्थिंग-पिनपर्यंत किती व्होल्टेज गळतो ते मोजावे. तो साधारण ०.१ व्होल्टच्या आत असावा. धन बाजूला त्याहून किंचित अधिक चालतो, परंतु अर्धा व्होल्ट गळत असेल तर दोष सापडला असे समजायला हरकत नाही. अल्टरनेटरचेही मापन याच वेळी करावे, कारण तो तापला की त्याची देण्याची क्षमता उतरते आणि मंद फेऱ्यांवर, सगळे भार चालू असताना, साडेतेरा-चौदा व्होल्टऐवजी तो बारा-साडेबारावर येऊन ठेपत असेल, तर नाजूक इलेक्ट्रॉनिक्स विचित्र वागू लागते. सकाळी महापेकडे जाताना आपल्याला तक्रार का नाही, याचे उत्तर येथेही दडलेले असू शकते. तपासताना कनेक्टरच्या तोंडात जाड प्रोब खुपसू देऊ नका. पिना सैल होतात आणि नसलेला दोष निर्माण होतो. मापन वायरच्या मागच्या बाजूने करावे.

कनेक्टर उघडून पाहण्याला आपल्या भागात विशेष कारण आहे. खाडीलगतच्या दमट, खारट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पिनांवर हिरवट थर चढतो. शिवाय सतत कंप पावणाऱ्या पिना एकमेकींवर घासून त्यांचा मुलामा निघून जातो. थंड असताना असा संपर्क कसाबसा टिकतो, तापून प्लास्टिकचे घर किंचित पसरले की तो सुटतो. गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरमध्ये तेल दिसले, तर ते वायरीच्या आतून चढत कंट्रोलरपर्यंत पोचलेले असू शकते, आणि असे तेल कंट्रोलरच्या बाजूच्या प्लगमध्येही आढळले तर केवळ पुसून भागत नाही.

सोलेनॉइडच्या, म्हणजे गिअरबॉक्समधील तेलाचा मार्ग विजेने उघडझाप करणाऱ्या झडपांच्या, मापनात एक हमखास होणारी चूक टाळावी. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांना ५ ओहम दाखवणारे वेटोळे १०० अंशांना जवळपास साडेसहा ओहम दाखवेल आणि ते अगदी निरोगी असेल. थंड अवस्थेचा तक्ता समोर ठेवून गरम सोलेनॉइड नापास केल्याची उदाहरणे कमी नाहीत. गरम झाल्यावर रोध वाढण्याऐवजी कमी होत असेल, तर मात्र आतल्या वेटोळ्यांचे आवरण फाटून ती एकमेकांना चिकटत आहेत असा संशय रास्त ठरतो, आणि तो एकदम अनंत झाला तर वेटोळे किंवा त्याचा जोड तुटतो आहे.

एवढे सारे निर्दोष निघाले तर कंट्रोलरची पाळी येते. तो कोठे बसवला आहे हे पुस्तिकेतून पाहून घ्यावे. काही गाड्यांत तो डॅशबोर्डखाली, काहींत बॉनेटखाली बॅटरीच्या किंवा एअर फिल्टरच्या शेजारी, तर काहींत थेट गिअरबॉक्सच्या आत, तेलाच्या सान्निध्यात असतो. पहिल्या दोन प्रकारांत एक सरळ चाचणी करता येते. गाडी थंड असताना, गिअर पार्कमध्ये आणि हँडब्रेक लावून, केवळ कंट्रोलरचे आवरण केस वाळवण्याच्या ड्रायरने हळूहळू ७० अंशांच्या आसपास तापवावे आणि स्कॅनरवर लक्ष ठेवावे. रंग काढायची हीट गन वापरू नये. तिचा झोत कित्येक शे अंशांचा असतो आणि प्लास्टिक वितळवतो. बॉनेटखालच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी सहसा १२५ अंशांपर्यंतच्या परिसरात काम करण्यास प्रमाणित केलेले घटक वापरतात, त्यामुळे निरोगी कंट्रोलरने ७० अंशांना तक्रार करता कामा नये. बाकी गाडी थंड असताना, फक्त हा एक भाग तापवल्यावर तोच कोड आला आणि त्या क्षणी वीज व अर्थिंग पिनेवर बरोबर मिळत असल्याचे मापून पाहिले, तर कंट्रोलरवरचा आरोप सिद्ध झाला असे मी म्हणेन. कंट्रोलर गिअरबॉक्सच्या आत असेल तर त्याला एकट्याला तापवता येत नाही. तेथे वरील नोंदी आणि बाकीच्यांना क्रमाने वगळत जाणे एवढाच मार्ग उरतो.

बदलायचाच ठरला, तर नव्या कंट्रोलरमध्ये गाडीनुसार प्रोग्रॅम भरावा लागतो आणि क्लचची शिकवणी, म्हणजे क्लच नेमका कोठे पकडतो याची कंट्रोलरला ओळख, नव्याने करावी लागते, हे खर्चात धरलेले आहे का ते विचारावे. जुन्या बाजारातून आणलेला कंट्रोलर मूळ गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असू शकतो. दुरुस्तीचा निर्णय होईपर्यंत, एका गिअरमध्ये अडकलेली गाडी गायमुखच्या चढावर नेण्याचा आग्रह धरू नये.

प्रश्न : माझ्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर ऑटोमॅटिक यंत्रणा बसवलेल्या, म्हणजे एएमटी गाडीत उड्डाणपुलाच्या चढावर वाहतूक थांबली, की जळका वास येतो, कधी सूचना झळकते आणि गाडी न्यूट्रलमध्ये जाते. यालाही कंट्रोलर तापणे कारणीभूत आहे का? (एक वाचिका, नेरूळ)

उत्तर : बहुधा नाही. एएमटीमध्ये क्लच साध्या गाडीसारखाच कोरडा असतो, फक्त पाय आपला नसतो. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने तोलून धरली, की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि काही मिनिटांत भयंकर तापतो. येणारा वास त्याच्या अस्तराचा असतो. कंट्रोलर या उष्णतेचा हिशेब घसरणीवरून मांडतो आणि मर्यादा ओलांडली की क्लच सोडवून देतो. चढावर ब्रेक दाबून थांबावे, पुढची जागा पुरेशी मोकळी झाल्यावरच निघावे आणि इंच-इंच पुढे सरकणे टाळावे. हे करूनही सपाट रस्त्यावर न्यूट्रलची तक्रार येत असेल, तर दाब निर्माण करणाऱ्या पंपाकडे लक्ष द्यावे. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर किंवा गिअर पडताना त्याचा घरघर आवाज येतो. गाडी उभी असताना तो फार थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर दाब कोठेतरी गळतो आहे आणि पंपाची मोटार व तिचा रिले विनाकारण तापत आहेत.

प्रश्न : माझे वागळे इस्टेटमध्ये छोटे गॅरेज आहे. गरम झाल्यावर बंद पडणारे कंट्रोलर उघडून ते ओव्हनमध्ये तापवले की बोर्डावरचे डाखाचे (सोल्डरचे) सांधे पुन्हा जुळतात, असे व्हिडिओ पाहण्यात येतात. हे करावे का? तसेच गार करणारा स्प्रे आणि लेझरच्या ठिपक्याचा थर्मामीटर यांवर किती विसंबावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ओव्हनचा उपाय करू नये. शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांच्या पुढे वितळतो. बोर्ड तेथपर्यंत नेला तर त्यावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, जे सामान्यतः १०५ किंवा १२५ अंशांसाठी बनवलेले असतात, आणि कनेक्टरचे प्लास्टिक दोन्ही जातात. तेथपर्यंत नेला नाही तर भेगाळलेला सांधा जुळतच नाही. अशा कंट्रोलरने आठवडाभर काम केले म्हणजे तो बरा झाला असे नाही, आणि ग्राहकाची गाडी मुंब्रा बायपासवर बंद पडली की दोष आपल्या माथी येतो.

सांधा का भेगाळतो हे कळले की शोधायचे कोठे तेही कळते. सिरॅमिकचे घटक आणि त्यांखालचा फायबरचा बोर्ड तापल्यावर सारख्या प्रमाणात पसरत नाहीत. बोर्ड साधारण दुपटीहून अधिक पसरतो. ही ओढाताण प्रत्येक गरम-थंड फेऱ्यात डाखाला सोसावी लागते आणि वर्षानुवर्षांनी तो थकून चिरतो. म्हणून भिंगाखाली आधी मोठे, जड आणि तापणारे घटक पाहावेत : कनेक्टरच्या पिना, व्होल्टेज रेग्युलेटर, सोलेनॉइड चालवणारे ट्रान्झिस्टर. पिनेभोवती बारीक गोल रेघ दिसली, तर जुना डाख काढून नवा भरणे हा रास्त उपाय आहे. मात्र आवरण उघडल्यावर आत सिलिकॉनची मऊ जेली आणि पांढरी सिरॅमिक पट्टी दिसली, तर थांबावे. तेथे जोडणी केसाइतक्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारांची असते. साध्या सोल्डरिंग आयर्नने ती दुरुस्त होत नाही आणि जेलीला बोट लागले तरी तुटते.

गार स्प्रे उपयोगी आहे, परंतु तो नळी लावून एकाच घटकावर, क्षणभरच मारावा. आपल्याकडच्या दमट हवेत गार झालेल्या बोर्डावर लगेच दव धरते आणि त्या ओलाव्याने स्वतःचेच नवे दोष दिसू लागतात. पावसाळ्यात तर बोर्ड वाळेपर्यंत निष्कर्ष काढूच नये. स्प्रेने दोष गेल्यावर तोच घटक पुन्हा तापवून दोष परत आणता आला, तरच तो पुरावा धरावा. ठिपक्याचा थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खरे तापमान दाखवत नाही, फार कमी दाखवतो, कारण असा पृष्ठभाग उष्णता-किरण नीट सोडत नाही. मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी, ती तापू द्यावी आणि तिच्यावर नेम धरावा. लाल ठिपका हे मापनाचे क्षेत्र नसते. जितके दूर उभे राहाल तितक्या मोठ्या वर्तुळाची सरासरी तो सांगतो, तेव्हा उपकरण जवळ धरावे.

कपॅसिटरविषयी आणखी एक ठोकताळा उपयोगी पडेल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. त्यामुळे कंट्रोलर बरा करून परत बसवताना मूळची उष्णतारोधक पत्र्याची ढाल, हवेची नळी आणि बॉनेटखालचे आवरण जागेवर आहे का ते पाहावे. मागच्या कामात काढलेली ढाल पुन्हा बसवायची राहून गेलेली असणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही.

प्रश्न : गाडी तापून अडली की बॉनेट उघडून पाणी मारावे का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : बॉनेट जरूर उघडावे, पाणी मारू नये. तापलेल्या कंट्रोलरच्या आतली हवा एकदम थंड झाल्याने आकसते आणि सीलमध्ये किंचितही फट असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. इंजिन तापलेले नसेल, तर इग्निशन बंद करून सावलीत वाट पाहावी, आणि दिवा लागल्याची वेळ, ठिकाण व त्या वेळी एसी चालू होता की नाही एवढे कागदावर लिहून ठेवावे. गॅरेजमध्ये तो कागद आधी द्यावा आणि मग किल्ली.